बेडकीत बसायचं म्हणजे

सोमवार, ६ मार्च

वही, तू बरी आहेस ना? इतके दिवस तुला दुकानातल्या फोमच्या ढिगाखाली ठेवली होती, दबली नसशील अशी आशा आहे. दैनंदिनी कशी सुरू करतात ते मला कुणी शिकवलं नाही. शाळा मी लवकर सोडली. पुढचं जे काही आलं ते रद्दीतल्या कागदांवरून आणि माणसांच्या तोंडून. पत्र तेवढं नीट लिहिता येतं, आणि पत्रात आधी सगळ्यांची विचारपूस करायची असते. तर ती करतो.

माझा उजवा गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना भांडतो, सपाटीवर शहाण्यासारखा वागतो. आमच्या हिचा खोकला गेला आणि आवाज परत आला. तो आल्याचं गल्लीच्या टोकापर्यंत कळलं. मशीनला परवाच तेल दिलंय, तिची तब्येत आम्हा दोघांपेक्षा चांगली. शेजारच्या पडदेवाल्याचं वजन वाढलंय, आणि माझ्या मशीनवरचा त्याचा डोळाही. राहिली नात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरलेली कुणी पाहिली नाही. ती खुशीत आहे. इतकी खुशीत आहे की मला काळजी वाटते, म्हणून तुला बाहेर काढलं.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. फाटलेल्या, खचलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. आयुष्य गाड्यांत बसून गेलं, पण सगळ्या गाड्या उभ्या. स्वतःची कधी घेतली नाही. भिंगरी आमच्याकडेच वाढली. लहान असताना काढून ठेवलेल्या दोन सीटा दुकानाच्या फरशीवर शेजारी शेजारी लावायची, ताटलीचं स्टिअरिंग करायची आणि मला हाक मारायची. हातात दाभण असो की तोंडात दोरा, मला जाऊन बाजूच्या सीटवर बसावं लागायचं. त्याशिवाय तिची गाडी सुटायची नाही.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून गॅरेजवाल्यांसाठी एक अ‍ॅप केलं होतं, ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं. काल संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाली की सुपरकार घ्यायची. हिनं विचारलं, म्हणजे किती माणसांची? भिंगरी म्हणाली, दोन. ही म्हणाली, एवढ्या पैशांत दोनच? त्यावर आम्ही बराच वेळ हसलो. मग मी एकटा दुकानात येऊन बसलो आणि हसू येईना.

गुरुवार, ९ मार्च

भिंगरीच्या मनातली पिवळी गाडी पाहून आलो. खरं सांगायचं तर मला ती गाडी वाटलीच नाही. डबक्याकाठी बसलेली बेडकी वाटली: रुंद, चपटी, डोळे वर काढलेली, आत्ता उडी मारेल अशी. हेच चित्र भिंगरीनं शाळेत असताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी बेडकीबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

शोरूममध्ये टायवाला होता. माणूस गोड, पण भिंगरीकडे बघून त्यानं पहिला प्रश्न काय केला, तर वडील मागून येतायत का. भिंगरी हसून म्हणाली, "पैसे माझे. बसणार आजोबा." मग त्यानं मलाच पाणी आणून दिलं, कॉफी आणून दिली, गादीच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीची शिवण तिरकी होती, पण मी गप्प राहिलो.

गंमत म्हणजे भिंगरी आधी स्वतः बसलीच नाही. दार उघडलं आणि मला म्हणाली, बसा. मी बसलो असं म्हणता येणार नाही. मी पडलो. सीट कुठेतरी खाली असेल या भरवशावर मागे गेलो तर ती येतच नाही, येतच नाही, आणि आली तेव्हा माझे गुडघे छातीला लागलेले. आत मात्र छान होतं. चामडं मऊ, टाका सारखा, कोपऱ्यात एकही चुणी नाही. मी हात फिरवत बसलो. बाहेर येताना घोटाळा झाला. एका बाजूनं टायवाला, दुसऱ्या बाजूनं भिंगरी, मध्ये मी, विहिरीतून बादली ओढावी तसा. टायवाल्याचा टाय माझ्या मुठीत आला होता, ते मला नंतर कळलं. त्यालाही नंतरच कळलं असावं, कारण तो बराच वेळ लाल होता.

भिंगरीनं विचारलं, गुडघा दुखला का? मी म्हटलं, छे.

मग ती टायवाल्याला शेजारी बसवून एक चक्कर मारून आली. जाताना तिच्या कानात वारं भरलं होतं. येताना चेहरा शांत. उतरून सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टायवाल्याला म्हणाली, बघू. वर्षानुवर्षं कपाटात चित्र जपणारी पोरगी, आणि म्हणते बघू. काहीतरी बिनसलंय.

रविवार, १२ मार्च

दुसरी गाडी, दुसरं शोरूम. या गाडीची दारं पंखासारखी वर जातात. भिंगरी म्हणाली, यात वरून मोकळी जागा मिळते, सोपं जाईल. काय सोपं जाईल ते बोलली नाही. पुन्हा आधी मलाच बसवलं. या खेपेला गुडघा सांभाळला तर डोकं दाराच्या पंखाला आपटलं. भिंगरीनं तिथल्या तिथे आभार मानले आणि आम्ही निघालो. गाडी तिनं सुरूसुद्धा केली नाही.

माझ्या मनाचं खरं खरं लिहितो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की पोरीला वेड लागलंय. या वयात माणूस घर घेतं, नाहीतर पैसे बाजूला टाकतं. चारचौघं विचारतील तेव्हा मी काय सांगू, नातीनं काय घेतलं, बेडकी? पण तिनं मला सगळं समजावलं होतं. असल्या गाडीचा विमा महाग पडतो, टायर महाग, सर्व्हिस महाग, ते सगळं धरून ती भाड्याच्या खोलीतच राहणार आणि घर नंतर बघणार. थोडं कर्ज काढायचं, बाकी रोख. इतकं स्वच्छ सांगितलं की माझा विरोध विरघळला. आता ती मागे हटतेय तर मलाच चुटपुट लागलीय. माणसाचं मनही कसं बघा, आधी देऊ नये वाटतं आणि मग मिळालंच पाहिजे वाटतं.

मंगळवार, १४ मार्च

कळलं. सगळं कळलं.

दुपारी भिंगरी आली होती. मी दुकानात मशीनवर, ती बाहेर पायरीवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मशीन चालू होती तोवर काही ऐकू येत नव्हतं. दोरा संपला, पाय उचलला, आणि कानावर पडलं ते असं:

"अगं, मनात तर बसलीच आहे. पण बसत नाहीत ना. दोन्हीकडे बघितलं. ओढूनताणून बसवलं तरी कंबर मोडेल. आणि दर वेळी कुणाचा तरी हात धरायचा, ते मला नकोय. त्यापेक्षा राहू दे."

मी शिकलेला नसलो तरी भाषा कानानं तोलून घेतो. गाडी बजेटात बसत नसती तर पोरगी 'बसत नाही' म्हणाली असती. ती 'बसत नाहीत' म्हणाली. म्हणजे एक नाही, अनेक. म्हणजे हप्ते. हप्ते बसत नाहीत. ओढूनताणून बसवले तर कंबर मोडेल, आणि दर वेळी कुणापुढे तरी हात पसरायचा. सगळं लख्ख झालं. विमा, टायर, सर्व्हिस, सगळं धरलं म्हणाली, आणि कुठेतरी हिशोब चुकला बिचारीचा. आम्हाला सांगायची लाज वाटत असणार.

आत आली तेव्हा डोळे ओलसर होते. मी मशीनकडे बघत होतो.

गुरुवार, १६ मार्च

हिला नवीनच खूळ लागलंय. स्वयंपाकघरातली माझी खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली आणि तिच्या जागी ते बुटकं स्टूल. चहा स्टुलावर, भाजी निवडणं स्टुलावर, पेपर स्टुलावर. वर पुन्हा शिकवणी: आधी पाठीमागं बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र वळवा, उठताना पुढे वाका, हात टेकायचे नाहीत. मी म्हटलं, मी काय शाळेत आलोय? ती म्हणाली, शाळेत गेला असता तर एव्हाना आलं असतं.

खुर्ची कधी परत येणार विचारलं तर म्हणते, खुर्चीला पॉलिश करायचंय. या घरात आजवर कशालाही पॉलिश झालेलं नाही.

शनिवार, १८ मार्च

पडदेवाल्याकडे गेलो आणि बोलून टाकलं. मशीन देतो. तो कधीपासून मागे लागला होता. जाड पडदे त्याच्या मशीनवर शिवले जात नाहीत, सुई मोडते. माझी मशीन चामडं शिवते, तिला पडदे म्हणजे पापड. (म्हणजे चावायला सोपे, असं म्हणायचंय मला.) तो आनंदला, मग त्यानं मला खालून वर निरखलं. म्हणाला, तुम्ही आजारी बिजारी नाही ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे. शब्द दिला. पुढच्या रविवारी सकाळी तो माणसं घेऊन येईल आणि घेऊन जाईल. पैसे आले की भिंगरीच्या हातावर ठेवायचे आणि सांगायचं, पहिले काही हप्ते आजोबांनी बसवले.

हिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारेल, दिवसभर करणार काय?

घरी आलो तर भिंगरी माझा टेप घेऊन त्या बुटक्या स्टुलाची उंची मोजत होती. मला बघून टेप पाठीमागं लपवला. बहुतेक मला वाढदिवसाला नवीन स्टूल करून देणार. मनात म्हटलं, पोरी, एक पुरे आहे.

शुक्रवार, २४ मार्च

मशीन पुसली. आतून, बाहेरून, पट्ट्याच्या खालूनसुद्धा. उगाच एका जुन्या चामड्याच्या तुकड्यावर सरळ शिवण मारली, मग तिच्या शेजारी दुसरी. सांगायला नको, पण छान आली. तो तुकडा खिशात ठेवलाय.

स्टुलावरून मी आता हात न टेकता उठतो. हिनं आज पहिल्यांदा शाबास म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. दुसऱ्यांदा.

शनिवार, २५ मार्च

आज घाईत लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

सकाळी भिंगरी आली आणि म्हणाली, आजोबा, पिवळी पुन्हा बघायला जायचं. मी लगेच तयार. म्हटलं, आजच तिला सांगून टाकू, की उगाच घाबरू नकोस. निघताना ही दारात उभी राहून मला म्हणाली, स्टूल लक्षात ठेवा. मला काही उमगलं नाही. स्टूल काय बरोबर न्यायचंय?

शोरूममध्ये टायवाल्यानं आज टाय शर्टाच्या आत खोचला होता. भिंगरीनं दार उघडलं. बसा म्हणाली नाही, नुसती बाजूला उभी राहिली. मी बेडकीकडे पाठ केली, आणि शरीराला सवय लागलेली असते हो, आधी पाठीमागं टेकलो, मग दोन्ही पाय एकत्र आत. बसलो. पडलो नाही, बसलो. म्हटलं, आता उठूनही बघू. पाय बाहेर, पुढे वाकलो, उभा. कुणाचा हात नाही, टाय नाही.

भिंगरी माझ्याकडे बघतच राहिली. मग फोन काढला आणि घरी लावला.

"आजी, बसले. स्वतःहून बसले, स्वतःहून उठले."

मी म्हटलं, "बसले? सगळे?"

"सगळे म्हणजे?"

"हप्ते."

ती विचारते, कुठले हप्ते? मी सांगितलं की पायरीवरचं सगळं ऐकलंय, आणि काळजी करू नकोस, उद्या मशीन जातेय, पहिले हप्ते माझे. टायवाला हळूच लांब गेला, शहाणा माणूस. भिंगरी आधी हसली, मग तिथेच गाडीला टेकून खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. हप्ते तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवले होते. त्यात कसलीच अडचण नव्हती. फोनवर ती माझ्याबद्दल बोलत होती. आजोबा बसत नाहीत. ओढून बसवलं तर त्यांची कंबर मोडेल. दर वेळी कुणीतरी हात धरून बाहेर काढणं त्यांना आवडणार नाही.

आपल्या भाषेची ही एक खोड आहे. एकाच म्हाताऱ्याला मान दिला की त्याचे अनेक होतात. मी इतकी वर्षं लोकांचं बोलणं कानानं तोललं, आणि 'नाहीत' ऐकून हप्ते शोधले. माझ्यासाठीही कुणी 'नाहीत' म्हणत असेल हे डोक्यातच आलं नाही.

मी विचारलं, अगं, मी बसलो नाही तर तू गाडीच घेणार नव्हतीस? दुसरं कुणी बसलं असतं.

"तुम्ही बसल्याशिवाय गाडी सुटते का, आजोबा?"

मी टायवाल्यालाच खरेदीचे कागद आणायला सांगितलं, नाकाला रुमाल लावून.

परत येताना एकदम आठवलं. उद्या रविवार. मी शब्द दिलाय.

रविवार, २६ मार्च

दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे गिळलेला घास बाहेर काढण्यासारखं. सकाळीच दुकानाच्या दारात उभा राहिलो. पडदेवाला दोन माणसं आणि दोर घेऊन आला. मी काही लपवलं नाही. स्टूल, हप्ते, नाहीत, सगळं सांगितलं. तो मशीनवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं, संपलं, शेजार संपला.

मग म्हणाला, "तुमची मशीन न्यायला माझी छाती झाली नसती तशीही. रात्रभर बायको बोलली मला. राहू दे. पण जाड पडदे तुम्ही शिवून द्यायचे."

मी म्हटलं, दिले. त्यानं माणसांना परत पाठवलं, मग वळून म्हणाला की आणखी एक अट आहे. त्या बेडकीत मलाही एकदा बसायचं.

रात्री जेवताना हिला मशीनचं सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठून वर गेली, गच्चीवरून खुर्ची घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. पॉलिश केलेलं नव्हतं.

रविवार, २ एप्रिल

बेडकी आली. गल्लीच्या तोंडाशी भिंगरीनं ती इतकी तिरकी करून गतिरोधकावरून काढली की खेकडीच वाटावी. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे जमले. पडदेवाल्याला आधी बसवलं, अट होती ना. तो बसला. आणि मग बसूनच राहिला. चार जण लागले. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे एक स्टूल आहे, रोज येत जा.

मग मी. पाठीमागं टेकलो, पाय वळवले. भिंगरीनं माझा पट्टा लावला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी बघायची तसंच, परवानगी मागितल्यासारखं. मी म्हटलं, चल.

कुठे गेलो ते सांगायचं तर कुठेच नाही. मोठ्या रस्त्यानं शहराबाहेर आणि परत. इंजिनाचा आवाज माझ्या पाठीतून जात होता, मशीनच्या आवाजासारखा, पण खूप मोठा, आणि मला त्याची भीती वाटली नाही. एका मोकळ्या जागी तिनं जोरात सोडली. मी सीटच्या कडेची शिवण बोटांनी धरून ठेवली होती. टाका पक्का आहे. मी हसत होतो हे मला भिंगरीनं सांगितलं.

सोमवार, ३ एप्रिल

आज वहीला नाही, भिंगरीच्या आजीला, तुलाच लिहितोय, म्हणून हे पान मी बंद करणार नाही. उघडंच ठेवणार आहे, स्वयंपाकघरात तुझ्या चष्म्याशेजारी, म्हणजे तू वाचशील.

काल गाडीभोवती सगळे होते, तू दारातच उभी होतीस. भिंगरीनं बोलावलं तर म्हणालीस, मी नाही त्या चपटीत बसायची, माझी कामं पडलीत. आम्ही मानलं. पण आज दुपारी मी दोरा घ्यायला दुकानातून वर घरी आलो तेव्हा दार अर्धं उघडं होतं. तू त्या बुटक्या स्टुलावर होतीस. आधी पाठीमागं टेकलीस, मग दोन्ही पाय एकत्र वळवलेस, पुढे वाकलीस आणि उठलीस. हात न टेकता. मग पुन्हा. मी पाऊल न वाजवता खाली गेलो, दोऱ्याशिवाय.

तोंडावर विचारलं तर नाहीच म्हणशील, म्हणून इथे विचारतो. त्या गाडीत दोनच सीटा आहेत आणि एक भिंगरीची. येत्या रविवारी दुसरीवर तू बसतेस का? मी आणि पडदेवाला दारात उभे राहून हात हलवू.

तुझा खोकला पुन्हा आलेला नाही ना, गुडघे कसे आहेत, तेही कळव. खाली जागा सोडली आहे, पेन्सिल वहीतच आहे. उत्तर लवकर लिही, भिंगरी रविवारी सकाळीच येते.